आडव्या छेदाचा पाऊस



महाराष्ट्राच्या पावसाचा हिशेब आपण उभ्या पट्ट्यांत मांडतो. हवामान खात्याने देशाचे ३६ उपविभाग पाडले, त्यांतले चार आपल्या वाट्याला आले : कोकण आणि गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. पहिले दोन तर समुद्राला समांतर, उत्तर-दक्षिण पसरलेले. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोणत्या पट्ट्यावर किती पाऊस पडला आणि तो सरासरीच्या किती टक्के, हे आकडे वर्तमानपत्रांत येतात, विधिमंडळात वाचले जातात आणि त्यांवरून वर्ष चांगले की वाईट हे ठरते. वारा मात्र पश्चिमेकडून येतो आणि हे पट्टे आडवे कापत जातो. समुद्र, किनारा, डोंगर, घाटमाथा, मावळ आणि मग दीड-दोनशे किलोमीटरवर कुसळांचा माणदेश, अशी त्याची वाट आहे. या वाटेवरच्या एका टप्प्यावर तो काय करील हे आधीच्या टप्प्यावर त्याने काय केले यावर ठरते. मला आज मांडायचे आहे ते असे, की पावसाचा हिशेब या आडव्या छेदावर, नदीच्या खोऱ्यानुसार आणि तासांच्या मापाने ठेवला नाही, तर आपल्याजवळचे आकडे खरे असूनही कामाचे ठरत नाहीत. अंबरनाथ-बदलापूरच्या श्रोत्यांसमोर हा विषय घेण्याचे कारण उघड आहे. या म्हणण्याचा सगळ्यात ठळक पुरावा तुमच्या चामटोलीत आहे.

आधी वाऱ्याचा मोठा नकाशा पाहू. एडमंड हॅलीने १६८६ मध्ये मोसमी वाऱ्यांचे कारण सांगितले ते जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातल्या फरकाचे. शाळेत आजही तेच शिकवतात. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. मे महिन्यात थरच्या वाळवंटावर आणि सिंधवर हवा तापून विरळ होते, तिथे हवेचा दाब उतरतो आणि समुद्रावरची हवा त्या दिशेने ओढली जाते. एवढ्यावरच सारे भागत असते तर सर्वांत जास्त पाऊस जैसलमेरला पडायला हवा होता. तिथे वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पडतो. कारण ते कमी दाबाचे क्षेत्र उथळ आहे. दीड-दोन किलोमीटरच्या वर गेले की तिथली कोरडी हवा खाली बसत असते आणि ढगाला वाढू देत नाही. ती खाली का बसते, याचे एक उत्तर रॉडवेल आणि हॉस्किन्स या दोन शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये दिले : मोसमी प्रदेशात पाऊस पडताना जी उष्णता वातावरणात मोकळी होते, तिच्याच परिणामाने पश्चिमेकडच्या वाळवंटांवर हवा खाली उतरते. म्हणजे वाळवंटाच्या कोरडेपणाचे एक कारण आपल्याकडच्या पावसातच आहे. आता दुसरे टोक पाहा. हवामानशास्त्रज्ञ फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये वाऱ्याच्या ज्या प्रवाहाचे तपशीलवार वर्णन केले, तो पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांना घासत विषुववृत्त ओलांडतो आणि जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर सर्वांत जोरात असतो. सोमालियाच्या किनाऱ्याला तो लागून जातो, पण तिथे पाऊस देत नाही. उलट समुद्राचे वरचे पाणी लोटून खालचे थंड पाणी वर आणतो. अरबी समुद्र ओलांडताना मात्र तो बाष्पाने भरत जातो आणि आपल्या किनाऱ्यावर येऊन सह्याद्रीला धडकतो. एकाच वाऱ्याच्या वाटेवर उजाड किनारा आहे, मुसळधार पावसाचा डोंगर आहे आणि पलीकडे अवर्षणाचे पठार आहे. ही तीन वेगवेगळी हवामाने मानून त्यांचे तीन वेगळे हिशेब ठेवणे ही आपली सोय झाली, वाऱ्याशी तिचा संबंध नाही.

सह्याद्रीपाशी नेमके काय होते, हे हवामान खात्यातल्या आर. पी. सरकार यांनी १९६६ मध्ये गणिताने मांडले आणि त्यासाठी त्यांनी छेद निवडला तो मुंबई ते पुणे हाच. डोंगर चढावा लागल्याने हवा निवते, बाष्पाचे पाणी होते, माथ्याच्या जवळ पावसाचा कळस होतो आणि माथा ओलांडला की पाऊस झपाट्याने ओसरतो. हे सगळे पाऊणशे मैलांच्या आत घडते. कुलाब्याला वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर, माथेरानला पाच हजारांच्या आसपास, लोणावळ्याला चार हजारांच्या वर, पुण्याला सातशेच्या थोडे पुढे आणि दौंड-बारामतीला पाचशेच्या आसपास किंवा त्याहून कमी. लोणावळा आणि पुणे यांच्यात रेल्वेने दीड तासाचे अंतर आहे आणि पावसात पाच-सहा पटींचे. उल्हासच्या खोऱ्यात यात आणखी एक गुंता आहे. येथे वाऱ्याला एक नव्हे, दोन पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली माथेरान, चंदेरी आणि मलंगगडाची रांग, दुसरी राजमाची-भीमाशंकरचा मुख्य सह्याद्री. बदलापूर, वांगणी, नेरळ, कर्जत ही गावे या दोन पायऱ्यांच्या मधल्या पन्हळीत आहेत आणि दोन्हींकडचे पाणी याच पन्हळीतून उल्हास घेऊन जाते. राजमाचीच्या बाजूला उगम पावून वसईच्या खाडीपर्यंत जेमतेम १२२ किलोमीटर वाहणारी ही नदी. पेज, पोशीर, शिलार, बारवी आणि पुढे भातसेला पोटात घेतलेली काळू हा तिचा परिवार. भीमा, कृष्णेच्या मानाने ती लहान आहे, पण तिच्या माथ्यावर पडणारा पाऊस त्यांच्या माथ्यावरच्या पावसापेक्षा कमी नाही. तो पाऊस पसरायला भीमेला शेकडो किलोमीटरचे पठार मिळते. उल्हासला मिळते ते एक अरुंद खोरे, आणि वेळ मिळतो तो काही तासांचा.

२६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान, चामटोलीजवळ अडकली. सकाळ झाली तेव्हा डब्यांच्या चहूबाजूंनी उल्हासचे पाणी होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, हवाई दल आणि आसपासच्या गावांतली माणसे यांनी मिळून दुपारपर्यंत हजाराहून अधिक प्रवासी बाहेर काढले. त्यांत नऊ गरोदर स्त्रिया होत्या. जीवितहानी झाली नाही, त्यामुळे या घटनेची आठवण बहुतेकांना सुटकेची म्हणून आहे, आणि ती सुटका कौतुकाची होतीच. पण त्या दिवशीचा देशाच्या पावसाचा हिशेब काय सांगत होता? त्या वर्षी जून महिना सरासरीपेक्षा ३३ टक्के कमी पावसाचा गेला होता. जुलै भरून आला, तरी महिना संपतानाही देशाचा एकूण पाऊस सरासरीच्या खालीच होता. म्हणजे ज्या सकाळी चामटोलीच्या रुळांवर होड्या चालल्या, त्या सकाळी खतावणीत पावसाची तूट मांडलेली होती. पुढे सप्टेंबरमध्ये सरासरीपेक्षा ५२ टक्के जास्त पाऊस झाला आणि हंगाम ११० टक्क्यांवर बंद झाला. तुटीचे वर्ष जादा पावसाचे झाले. दोन्ही नोंदी बरोबर आहेत आणि दोन्हींचा चामटोलीशी काही संबंध नाही. त्याच वर्षी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, गाडी ज्या कोल्हापूरला निघाली होती ते कोल्हापूर आणि सांगली पंचगंगा-कृष्णेच्या पुरात होते आणि मराठवाड्यात कृत्रिम पावसासाठी विमाने ढग शोधत होती. एका राज्यात, एका पंधरवड्यात, एका वाऱ्याखाली.

उभ्या पट्ट्यांचा सर्वांत फसवा आकडा मध्य महाराष्ट्राचा आहे. त्या उपविभागाची हंगामी सरासरी साडेसातशे मिलिमीटरच्या जवळपास आहे. या आकड्यात महाबळेश्वर आहे, जिथे वर्षाला साडेपाच हजारांहून अधिक पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यातले दहिवडी आहे, जिथे पाचशे पडला तर लोक समाधान मानतात. साडेसातशे मिलिमीटर पावसाचे गाव या उपविभागात शोधू गेलो तर मिळेल, पण ते एका चिंचोळ्या पट्टीत, घाटमाथा आणि देश यांच्या सांध्यावर. बाकीच्यांच्या अनुभवाशी हा आकडा जुळत नाही. घाटावर दोन दिवस झड लागली की उपविभागाची टक्केवारी फुगते आणि माणदेशातला शेतकरी दुबार पेरणीच्या विचारात असताना त्याला पाऊस समाधानकारक असल्याचे कळते. नुकसानभरपाईच्या नियमांतही हीच गंमत आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी. दहिवडीला ६५ मिलिमीटर म्हणजे वर्षाच्या पावसाचा आठवा हिस्सा एका दिवसात, तिथे ती अतिवृष्टी खरीच. कर्जत-बदलापूरला जुलैमध्ये इतका पाऊस झाला तर तो रोजच्या बोलण्यातही येत नाही. एकच पट्टी छेदाच्या दोन टोकांना लावली की एका टोकाला ती निरर्थक होते. शिवाय २४ तास म्हणजे सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. ही जुनी, जगभराशी जुळणारी आणि शास्त्राला उपयोगी पद्धत आहे. पण घाटावरून पाणी खाली यायला जिथे काही तास लागतात तिथे एका दिवसाचा आकडा पुराच्या नंतर पोहोचतो. २७ जुलैचा साडेआठचा आकडा निघाला तोवर गाडीभोवती पाणी भरलेले होते.

खरे तर आपल्या शेतकऱ्याने हंगाम कधीच एकसंध मानला नव्हता. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य असे तेरा-चौदा दिवसांचे तुकडे पाडून त्याने प्रत्येकाला वेगळे वागणे चिकटवले. तरणा पाऊस पुनर्वसूचा, म्हातारा पुष्याचा. मुंबई बुडाली तो २००५ चा आणि चामटोलीचा २०१९ चा, दोन्ही २६ जुलै पुष्यातले, म्हाताऱ्याच्या राज्यातले. हे नक्षत्रांचे भाकीत खरे ठरते असे माझे म्हणणे नाही. सूर्य कुठल्या नक्षत्रात आहे याचा ढगाशी संबंध जोडता येत नाही. पण मोजमापाचा तुकडा कामाच्या आकाराचा असावा, ही समज त्यात आहे. कृषी विद्यापीठांनीही राज्याचे नऊ कृषी-हवामान विभाग पाडले ते घाटमाथा, उपपर्वतीय, मैदानी, अवर्षणप्रवण असे, म्हणजे छेदाच्या क्रमानेच. पीक कुठे काय येईल याचा विचार करणाऱ्याला आडवा छेद टाळता येत नाही. पुराचा आणि इशाऱ्याचा विचार करणाऱ्याला मात्र तो अजून टाळता येतो.

आडव्या छेदाने पाऊस वाचणारे लोक महाराष्ट्रात नाहीत असे मात्र समजू नका. ते सोलापूर जिल्ह्यात आहेत. सोलापुरात, पंढरपुरात, माढ्यात जुलै-ऑगस्टच्या वर्तमानपत्रात लोक आधी काय पाहतात? गावात किती पडला हे नव्हे. पुण्यात बंडगार्डनला किती विसर्ग आहे, दौंडला किती क्युसेक आहे, उजनी किती टक्क्यांवर आली. कारण त्यांना पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक आहे की त्यांची भीमा नदी त्यांच्या पावसावर चालत नाही. भीमाशंकर, मावळ, मुळशीच्या डोंगरावर जे पडते ते पुण्यावरून, दौंडवरून उजनीत येते आणि गावात ऊन असताना पंढरपूरच्या वाळवंटात चंद्रभागेचे पाणी चढते. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाल्यावर ही सवय पक्की झाली, पण तिचे मूळ नदीच्या आकारात आहे. आता भीमाशंकरच्या त्याच माथ्याची दुसरी बाजू पाहा. पूर्वेकडे गेलेले पाणी दौंडला मोजले जाते आणि शेकडो किलोमीटरवरच्या माणसाला ते कळते. पश्चिमेकडे उतरलेले पाणी पोशीर-शिलारवाटे उल्हासला येते, बदलापूर तिथून हाकेच्या अंतरावर आहे म्हटले तरी चालेल, आणि बदलापूरचा माणूस पाहतो काय? मुंबईचा पाऊस. सांताक्रूझला किती, कुलाब्याला किती. लोकल ट्रेनचे बरे-वाईट त्या आकड्यांवर कळते, हे मान्य. उल्हासचे मात्र त्यावरून काहीच कळत नाही, कारण सांताक्रूझचा एक थेंबही चामटोलीवरून वाहत जात नाही.

इशाऱ्यांची गोष्ट तर अधिक अवघड. हवामान खात्याने अलीकडच्या वर्षांत एक चांगली सुधारणा केली. पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक या जिल्ह्यांसाठी घाटमाथ्याचा इशारा उरलेल्या जिल्ह्यापासून वेगळा दिला जातो. म्हणजे छेदाची कल्पना खात्याला पटलेली आहे. पण ती पटली घाटाच्या पूर्वेला, कारण तिथे एकाच जिल्ह्यात ओले आणि कोरडे दोन्ही येते आणि विसंगती डोळ्यांत भरते. पश्चिमेला ठाणे, रायगड हे जिल्हे सगळेच ओले, म्हणून तिथे भेद करण्याची गरज कोणाला वाटली नाही. आता नकाशा पाहा. राजमाची पुणे जिल्ह्यात. कर्जत, नेरळ रायगडात. वांगणी, चामटोली, बदलापूर ठाण्यात. चामटोलीच्या वर थोड्याच अंतरावर, शेलू आणि वांगणीच्या मध्ये, जिल्हा बदलतो. नदीला हद्द कळत नाही, पण इशारा हद्दीवर थांबतो. ठाण्याला नारिंगी आणि रायगडला लाल असा दिवस असेल, तेव्हा बदलापूरकराने स्वतःच्या जिल्ह्याचा रंग पाहून निर्धास्त होणे ही चूक ठरते. त्याच्यासाठी महत्त्वाचा रंग शेजारच्या जिल्ह्याचा असतो. उलट कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला आणखी एक गोष्ट पाहावी लागते, खाडीची भरती. ती बदलापूरला लागू नाही. चाळीस मिनिटांच्या लोकल अंतरात पुराचे गणित बदलते आणि आपण सर्वांना ‘ठाणे जिल्हा’ म्हणून एकच वाक्य ऐकवतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल, आणि तो वजनदार आहे, की पूर पावसाने येत नाही, बांधकामाने येतो. नदीपात्रात भराव टाकले, नाले बुजवले, आणि तुम्ही पर्जन्यमापकांच्या गोष्टी करता. यातले तथ्य नाकारण्याचे कारण नाही. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये एक लाखाच्या आत होती, २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली, आणि ही वाढ डोंगरावर नव्हे, नदीच्या बाजूच्या सपाटीवर झाली. जलसंपदा विभाग निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतो. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्या रेषा पाळल्या जातात का, हा राजकारणाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर तुम्ही माझ्याहून चांगले जाणता. पण त्या आखायच्या कशावरून? पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे किती, हे ठरवायला खोऱ्याच्या माथ्यावर तासातासाला किती पडले याची नोंद लागते. ती विरळ असेल तर रेषाच अंदाजाची होते आणि अंदाजाची रेषा वीस मीटर इकडे सरकवायला कोणाला फार कष्ट पडत नाहीत. शिवाय सिमेंट आणि डांबर वाढले की पाणी मुरत नाही, ते लवकर आणि एकदम नदीत येते. म्हणजे बांधकाम जितके वाढेल तितके तासाचे माप अधिक महत्त्वाचे होते. अतिक्रमणाचा मुद्दा माझ्या म्हणण्याला खोडत नाही, त्याची निकड वाढवतो.

दुसरा आक्षेप हवामानबदलाचा. पाऊसच बदलला आहे, मग जुन्या पद्धतीला दोष का? येथे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आठवावा. मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्या, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचे हेलकावे आहेत, असे त्यांना दिसले. त्याच काळात त्या प्रदेशाचा एकूण मोसमी पाऊस वाढलेला नाही, घटलेला आहे. माझ्या मते या अभ्यासाचा आपल्यासाठी मुख्य धडा हा दुसरा आहे, आणि त्याची चर्चा कमी होते. बेरीज खाली जात असताना तिच्यातले तडाखे वाढत गेले. बेरजेकडे पाहणाऱ्याला हे सहा दशके दिसलेच नसते. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, हे भौतिकशास्त्र आहे. ते बाष्प सह्याद्रीच्या दोन पायऱ्या चढताना कुठे रिकामे होईल हे मात्र छेदावरच मोजावे लागेल. हवामानबदलाचे नाव घेऊन मोजणीचा प्रश्न बाजूला सारणे हा मला अलीकडचा एक सोयीस्कर आळस वाटतो. प्रत्येक पुरानंतर कोणीतरी अधिकारी तो शब्द उच्चारतो आणि प्रश्न विचारणारे गप्प बसतात.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा : हंगामी बेरीज निरुपयोगी कशी? धरणे तिच्यावर भरतात. हे अगदी बरोबर आहे. बारवी, भातसा किंवा उजनीला पाऊस जुलैत आला की सप्टेंबरात याने फारसे बिघडत नाही, भरले म्हणजे झाले. देशाचे धान्य, वीज, महागाई यांचा अंदाज बांधणाऱ्यांनाही ८७ सेंटिमीटरची ती दीर्घकालीन सरासरी हवीच. १८८६ मध्ये ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून पावसाचे पहिले हंगामी भाकीत दिले आणि पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी दूरच्या महासागरांवरच्या दाबाशी त्याचे नाते जोडले, ते दुष्काळाच्या धास्तीने. त्या प्रश्नाला हंगामाची बेरीज हेच योग्य माप होते. अडचण अशी झाली की दुष्काळासाठी घडवलेले माप आपण पुरालाही लावले. तुटवडा महिन्यांनी साचतो, त्याला महिन्यांचे माप पुरते. पूर एका रात्रीत येतो.

चौथा आक्षेप शास्त्रज्ञांकडूनच येऊ शकतो. किनाऱ्यालगतच्या कमी दाबाच्या पट्ट्यात एखादा लहानसा भोवरा तयार होतो आणि दोन-चार तासांत एका ठिकाणी ढग रिते करतो. त्याचे ठिकाण आधी सांगता येत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला ७३ मिलिमीटर पडला, दोघांत पंचवीस-तीस किलोमीटरचे अंतर. मग खोऱ्याचा हिशेब ठेवून काय साधणार? पण मी भाकिताची मागणी करतच नाही. राजमाचीला, माथेरानला, भीमाशंकरच्या पश्चिम उतारावर गेल्या तासात पडून गेलेला पाऊस हा भविष्याचा विषय नाही. तो चामटोलीला पोहोचायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ आपल्या हातात असतो. मुंबईने हे केले आहे. २००५ नंतर माधवराव चितळे यांच्या समितीचा अहवाल आला, शहरात ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसले आणि जून २०२० मध्ये शहरासाठी पुराच्या इशाऱ्याची स्वतंत्र यंत्रणाही सुरू झाली. मुंबईत हे होऊ शकले, कारण मुंबई एक महापालिका आहे आणि तिच्यापाशी पैसा आहे. उल्हासचे खोरे अनेक जिल्हे, नगरपालिका आणि महापालिका, तालुके आणि ग्रामपंचायती यांत वाटलेले आहे, त्यामुळे ते कोणाचेच नाही. राज्यात महसूल मंडळांवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली ती पीकविम्याच्या गरजेतून, म्हणून ती जिथे शेती आहे तिथे आहेत. पुराचा पाऊस ज्या उभ्या कड्यांवर आणि जंगलात पडतो तिथे विमा उतरवण्यासारखे काही नाही.

शेवटचा मुद्दा छेदाच्या दुसऱ्या अर्थाचा, आणि तो मला सगळ्यांत अवघड वाटतो. डोंगरमाथ्याच्या पूर्वेला पडलेले सगळे पाणी पूर्वेलाच जाते असे नाही. इंद्रायणीला मिळणाऱ्या आंद्रा नदीवर ठोकरवाडीला धरण बांधून, ते पाणी बोगद्याने आणि नळांनी पश्चिमेला उतरवून १९२२ मध्ये टाटांचे भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. वीज करून झाली की ते पाणी पेज नदीवाटे उल्हासमध्ये येते. पावसाळा संपल्यावर उल्हास वाहती राहते ती मुख्यतः या पाण्यावर, आणि बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण या सगळ्या पट्ट्याची उन्हाळ्यातली तहान तिच्यावर भागते. म्हणजे भीमेच्या कोरड्या खोऱ्याच्या वाट्याचा पाऊस माणसाने उलट फिरवून ओल्या खोऱ्यात आणला आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने या वळवण्यावर मर्यादा घातली, आणि हे पाणी पुन्हा पूर्वेला सोडावे ही मागणी भीमा खोऱ्यातून वरचेवर उठते. ती मागणी करणाऱ्यांना दौंडचे क्युसेक तोंडपाठ असतात. त्यांच्याशी बोलायची वेळ आली तर उल्हासच्या काठावरच्या शहरांकडे कोणते आकडे असतील? आपण एप्रिलमध्ये किती पाणी पितो, त्यातले ठोकरवाडीचे किती, बारवीचे किती, आणि जुलैत जे पाणी चामटोलीच्या शेतांतून, रुळांवरून समुद्राला जाते त्यातले किती अडवता येईल, हे प्रश्न एकाच तक्त्यात यायला हवेत. त्या तक्त्याच्या नोंदी आज जलसंपदा विभाग, एमआयडीसी, जीवन प्राधिकरण, रेल्वे आणि वीज कंपनी यांच्या दप्तरांत विखुरलेल्या आहेत. प्रत्येकाने आपल्या कामापुरते मोजले आहे. ते एकत्र करायला नवे शास्त्र लागत नाही, कायदाही बहुधा लागत नाही. राजमाची ते कल्याण या छेदावरचे पंधरा-वीस पर्जन्यमापक, कर्जत, नेरळ आणि बदलापूर येथील नदीची पातळी, ठोकरवाडी आणि बारवीचा विसर्ग, हे तासातासाला एका जागी दिसले पाहिजे. दौंडचा आकडा सोलापूरच्या चहाच्या टपरीवर पोहोचतो, तसा नेरळचा आकडा वांगणीच्या फलाटावर लावता येईल.